प्रोस्टेट कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर: लघवीचा ताबा, शरीरसंबंध आणि रोजचे जगणे

'प्रोस्टेटचे ऑपरेशन' या एकाच नावाने दोन अगदी निराळ्या शस्त्रक्रिया ओळखल्या जातात. घरी आल्यानंतरच्या बऱ्याचशा काळज्या या नावाच्या गोंधळातूनच सुरू होतात. वयोमानाने वाढलेली ग्रंथी लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून आतून खरवडतात, तिचे बाहेरचे कवच जागेवरच राहते आणि नळी दोन-तीन दिवसांत निघते. कर्करोगात मात्र संपूर्ण ग्रंथी वीर्यकोशांसकट काढावी लागते आणि मूत्राशयाचे तोंड खाली आणून मूत्रमार्गाला नव्याने शिवावे लागते. शेजारचे काका पंधरा दिवसांत बाजारात हिंडू लागले, मग आपल्यालाच अजून पॅड का लागते, असे विचारणाऱ्याने काकांचे ऑपरेशन कोणते होते हे आधी पाहावे. बहुतेक वेळा ते पहिल्या प्रकारचे असते.

दुसरा गोंधळ कालावधीचा असतो. जखम आठवड्यांत भरते, लघवीवरचा ताबा महिन्यांत येतो आणि लिंगाची ताठरता परतायला वर्ष-दोन वर्षे लागू शकतात. तीन आठवड्यांत तब्येत चांगली वाटू लागली की बाकी सर्वही त्याच वेगाने सुधारेल असे वाटते. तसे झाले नाही की माणूस खचतो, किंवा दर महिन्याला नवा डॉक्टर शोधू लागतो.

नळी असेपर्यंत

लघवीची नळी साधारण एक ते दोन आठवडे राहते. ती नुसती लघवी बाहेर काढत नाही, नव्या जोडाला आधारही देते. म्हणून ती ओढली जाणार नाही अशा बेताने मांडीला चिकटपट्टीने बांधावी. पिशवी नेहमी मूत्राशयापेक्षा खाली असावी, पण जमिनीला टेकू नये. लिंगाच्या टोकाशी नळीभोवतीची जागा साध्या पाण्याने रोज धुवावी. शौचाला जोर केल्यावर लघवीत लालसर झाक दिसणे किंवा नळीच्या कडेने थोडी लघवी झिरपणे यात घाबरण्यासारखे काही नसते. ओटीपोटात अचानक कळ येऊन लघवीची जोराची भावना होणे हा मूत्राशयाचा आकडीसारखा झटका असतो. त्यावर गोळ्या मिळतात.

एक गोष्ट घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावी. नळी चुकून निघाली किंवा बंद पडली, तर गल्लीतल्या दवाखान्यात ती परत घालून घेऊ नये. कोवळ्या जोडातून अंदाजाने नळी सरकवली तर जोड उसवू शकतो. शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकालाच फोन करावा. ते लांब असतील तर जवळच्या युरॉलॉजिस्टकडे जावे आणि 'जोड इतक्या दिवसांचा आहे' हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

पुढील लक्षणे दिसल्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये, तशीच गरज पडली तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी:

- हुडहुडी भरून १०० अंशांच्या वर ताप
- नळीतून लघवी येणे थांबून पोट फुगणे, किंवा नळी काढल्यावर लघवी अजिबात न होणे
- लघवीत रक्ताच्या गाठी
- एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे
- अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे

शेवटच्या दोन लक्षणांमागे पायाच्या शिरेत झालेली आणि तिथून फुप्फुसात गेलेली रक्ताची गुठळी असू शकते. ती टाळण्यासाठीच पहिल्या दिवसापासून चालायला लावतात. काहींना रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनेही घरी चालू ठेवावी लागतात. ती परस्पर बंद करू नयेत.

पहिले सहा आठवडे

चालणे हा या काळातला पूर्ण व्यायाम आहे. दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे चालावे आणि अंतर हळूहळू वाढवावे. चार-पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये. गॅसचा सिलिंडर, पाण्याची कळशी, नातवंड या सगळ्याला हाच नियम लागू. सायकल आणि दुचाकी टाळावी, कारण खाचखळग्यांचे हादरे नेमके जोडाच्या जागी बसतात. उकिडवे बसून जोर करण्यापेक्षा काही आठवडे कमोड बरा. घरात नसेल तर कमोडची खुर्ची भाड्याने मिळते.

बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. पाणी, पालेभाज्या, रात्री इसबगोल, लागल्यास डॉक्टरांनी दिलेले सौम्य रेचक एवढ्याने भागते. एनिमा किंवा गुदद्वारात ठेवायची गोळी मात्र सर्जनला विचारल्याशिवाय घेऊ नये. गुदाशयाची पुढची भिंत शस्त्रक्रियेच्या जागेला लागूनच असते.

लघवी का गळते

पुरुषाच्या मूत्रमार्गाला लघवी रोखणाऱ्या दोन व्यवस्था असतात. एक मूत्राशयाच्या तोंडाशी, आपोआप चालणारी. दुसरी प्रोस्टेटच्या खाली, इच्छेने आवळता येणारी. ग्रंथी काढताना पहिली बव्हंशी जाते. इतकी वर्षे मदतनीस असलेल्या दुसऱ्या स्नायूवर सगळा भार येतो आणि तो पेलायला त्याला वेळ लागतो. म्हणूनच पडून असताना कोरडे राहणारे रुग्ण खोकताना, शिंकताना, खुर्चीतून उठताना भिजतात. सकाळी ठीक असते आणि संध्याकाळी गळती वाढते, कारण स्नायू दिवसभरात थकलेला असतो. यात बिघाड काही नाही. आधी रात्र कोरडी जाते, मग सकाळ, शेवटी संध्याकाळ. सुधारणेचा नेहमीचा क्रम हाच.

बहुतेकांची गळती तीन ते सहा महिन्यांत पुष्कळ कमी होते आणि वर्षभर सुधारत राहते. वय, वजन आणि शस्त्रक्रियेपूर्वीची लघवीची स्थिती यांवर हा वेग ठरतो. रोबोटिक शस्त्रक्रिया परवडली नाही म्हणून हे झाले, अशी खंत अनेक घरांत असते. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे रोबोटिक आणि उघड्या शस्त्रक्रियेची थेट तुलना झाली. तिचे निष्कर्ष २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. रोबोटमुळे रक्तस्राव आणि रुग्णालयातला मुक्काम कमी झाला, पण १२ आठवड्यांनी लघवीचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. फरक पडतो तो सर्जनच्या हातामुळे.

स्नायूचा व्यायाम नेमका कसा करावा

अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली बाळंतपणानंतरच्या स्त्रियांसाठी हा व्यायाम मांडला. पुरुषांत तोच स्नायूसमूह कामाला येतो, पण तो सापडणेच अनेकांना जमत नाही. ते पोट आत ओढतात, नितंब आवळतात, श्वास रोखतात, आणि महिनाभर चुकीचा व्यायाम करून 'उपयोग नाही' म्हणून सोडून देतात.

स्नायू ओळखण्यासाठी धार मध्येच थांबवल्याची कल्पना करावी. आरशासमोर उभे राहून पाहिल्यास लिंगाचे मूळ किंचित आत ओढले जाते आणि वृषण जरासे वर उचलले जातात. पोट व मांड्या सैल असायला हव्यात आणि आवळताना बोलता यायला हवे. मग,

- पाच सेकंद आवळावे, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्यावे.
- त्यानंतर दहा झटपट आवळ-सोड कराव्यात. खोकल्याच्या वेळी हाच वेग लागतो.
- सुरुवात पडून, मग बसून, शेवटी उभ्याने.

हा व्यायाम शस्त्रक्रियेच्या आधीच शिकणे उत्तम. नळी असेपर्यंत तो बंद ठेवावा आणि ती निघाल्यावर पुन्हा धरावा. खरी लघवी करताना रोज धार तोडण्याचा सराव करू नये. त्याने मूत्राशय नीट रिकामे न होण्याची सवय लागते. योगाभ्यास असणाऱ्यांना मूलबंध किंवा अश्विनी मुद्रा जवळची वाटेल आणि स्नायू साधारण तेच आहेत, पण त्यातला श्वास कोंडण्याचा भाग इथे वगळावा. दिवसाला शंभर-दोनशे वेळा करण्याचा उत्साहही आवरावा, थकलेला स्नायू आणखीच गळू देतो.

यापेक्षाही उपयोगी सवय म्हणजे आधी आवळणे, मग हालणे. शिंक येण्यापूर्वी, खुर्चीतून उठण्यापूर्वी, पिशवी उचलण्यापूर्वी स्नायू आवळून धरायचा. काही आठवड्यांत हे अंगवळणी पडते. महिना-दीड महिन्यात काहीच फरक वाटला नाही तर ओटीपोटाच्या स्नायूंचे काम करणारा फिजिओथेरपिस्ट गाठावा. सर्वसाधारण पाठ-गुडघ्याच्या फिजिओथेरपीत हे शिकवले जात नाही.

पाणी, पॅड आणि बाहेर पडणे

गळतीच्या भीतीने पाणी कमी करणे ही सर्रास होणारी चूक. दाट लघवी मूत्राशयाला चुरचुरते, घाई वाढते आणि संसर्गाला वाव मिळतो. पाणी दिवसभर विभागून प्यावे, झोपेच्या दोन तास आधी हात आखडता घ्यावा, आणि कपात करायचीच तर चहा, कॉफी व मद्यात करावी.

पॅड किती लागले यापेक्षा ते किती भिजले हे सुधारणेचे खरे माप आहे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर कोरड्या आणि ओल्या पॅडचे वजन करून वजाबाकी करावी. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. पंधरा दिवसांतून एका दिवसाचा आकडा वहीत लिहिला तरी पुरे. 'अजून गळतेच आहे' म्हणणाऱ्याला वहीत ४०० चे १२० झालेले दिसतात आणि डॉक्टरांनाही निर्णयाला आधार मिळतो.

सुरुवातीला डायपर आणि गळती घटल्यावर पुरुषांसाठीचे छोटे पॅड वापरावे. ओले पॅड पैशांच्या काटकसरीने तासन्‌तास ठेवू नये, जांघेत पुरळ उठते. झिंक ऑक्साइडचे मलम पातळसर लावावे. वापरलेले पॅड शौचालयात टाकू नये, कागदात गुंडाळून कचऱ्यात वेगळे द्यावे.

खरे नुकसान मात्र कपड्यांचे होत नाही. वास येईल या धास्तीने माणूस सकाळचा फिरण्याचा गट सोडतो, भजनाला जात नाही, सोवळे मोडते म्हणून देवळात जाणे टाळतो. गडद रंगाची पँट, बदलायचे पॅड ठेवलेली लहान पिशवी, एसटीत दाराजवळची जागा, निघण्यापूर्वी आणि पोचल्यावर लघवी, एवढ्या तयारीवर बहुतेक कार्यक्रम पार पडतात. वेळेवर बदललेल्या पॅडचा वास समोरच्याला येत नाही.

गळती थांबत नसेल तर

प्रत्येक गळती दुबळ्या स्नायूमुळे नसते. लघवीची धार दिवसेंदिवस बारीक होत असेल, जोर करावा लागत असेल आणि वर गळतही असेल, तर जोडाची जागा आकसलेली असू शकते. तिथे व्यायाम वाढवून उपयोग नाही. धारेची तपासणी आणि दुर्बीण लागते. अचानक घाई होऊन संडास गाठेपर्यंत भिजणे हा मूत्राशयाच्या चळवळेपणाचा प्रकार, त्यावर गोळ्या चालतात. जळजळ असेल तर आधी लघवीची तपासणी करावी.

सहा महिने ते वर्षभर नेटाने व्यायाम करूनही गळती टिकली तर शस्त्रक्रियेचे दोन मुख्य पर्याय उरतात. गळती थोडी ते मध्यम असेल तर मूत्रमार्गाला खालून आधार देणारी जाळीची पट्टी. गळती जास्त असेल तर कृत्रिम झडप. तिचा फुगणारा पट्टा मूत्रमार्गाभोवती बसतो, पंप अंडकोषाच्या पिशवीत असतो आणि लघवीला जाताना तो दाबायचा असतो. ती महाग आहे, काही वर्षांनी बदलावी लागू शकते आणि हाताची बोटे नीट चालणाऱ्यालाच वापरता येते. झडप बसवलेल्याने तशी चिठ्ठी कायम खिशात ठेवावी. झडप उघड्या स्थितीत निष्क्रिय न करता कोणी नळी घातली तर मूत्रमार्गाला इजा होते.

ज्याविषयी घरात बोलले जात नाही

ताठरतेचे मज्जातंतू प्रोस्टेटच्या दोन्ही बाजूंना अगदी चिकटून जातात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ साली ते जाणीवपूर्वक वाचवून पहिली शस्त्रक्रिया केली. तोवर ते कापले जाणे जवळपास गृहीत होते. आजही कर्करोग कडेपर्यंत पोचला असेल तर ते काढावे लागतात. म्हणून पहिला प्रश्न सर्जनला विचारायचा: माझे मज्जातंतू दोन्ही बाजूंचे वाचले, एका बाजूचे, की एकही नाही? पुढचे सगळे पर्याय या उत्तरावर ठरतात. वाचलेले तंतूही ताणले गेल्याने काही काळ निपचित पडतात आणि सावरायला दोन वर्षांपर्यंत वेळ घेतात.

काही बदल कायमचे असतात आणि ते आधी ठाऊक असले तर धक्का बसत नाही. वीर्य बाहेर येत नाही, त्यामुळे नैसर्गिकरीत्या मूल होत नाही. अपत्याची इच्छा असलेल्या तरुण रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वीच वीर्य गोठवून ठेवावे. लिंगाची लांबी काहींत थोडी कमी होते. कामपूर्तीचा आनंद मात्र वेगळ्या तंतूंवर अवलंबून असल्याने ताठरतेशिवायही मिळू शकतो. त्या क्षणी थोडी लघवी गळणे हेही सामान्य आहे. आधी मूत्राशय रिकामे करणे हा सोपा उपाय. लघवी कर्करोग पसरवत नाही आणि शरीरसंबंधातून कर्करोग जोडीदाराला होत नाही. हे इथे लिहावे लागते, कारण ही भीती अनेक जोडप्यांना वेगवेगळ्या खोलीत झोपवते.

उपाय साधारण या क्रमाने:

- गोळ्या. सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल. सिल्डेनाफिल रिकाम्यापोटी, तासभर आधी घ्यावी, भरपेट तळकट जेवणानंतर ती उशिरा लागू पडते. टॅडालाफिलचा परिणाम दीड दिवस टिकतो. इच्छा आणि स्पर्श नसेल तर दोन्ही निष्फळ. एकदा घेऊन निकाल लावू नये, वेगवेगळ्या दिवशी सहा-आठ वेळा पाहावे. मज्जातंतू एकही वाचला नसेल तर गोळ्या सहसा चालत नाहीत, त्यात पैसे घालू नयेत. रोज लहान मात्रा घेतल्याने शेवटची क्षमता वाढते, हेही अभ्यासांतून ठामपणे सिद्ध झालेले नाही.
- निर्वात पंप. मज्जातंतूंवर अवलंबून नाही. मुळाशी चढवलेले रबरी कडे अर्ध्या तासाच्या आत काढावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास आधी विचारावे.
- लिंगात इंजेक्शन. पहिली मात्रा दवाखान्यातच. ताठरता चार तासांपेक्षा जास्त टिकली तर ती आणीबाणी समजून थेट रुग्णालयात जावे.
- इम्प्लांट. बाकी सर्व थकल्यावर, वर्ष-दोन वर्षांनी. आत रॉड बसवल्यावर मागे फिरता येत नाही.

हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्याने, म्हणजे छातीत दुखल्यावर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्यानेही, सिल्डेनाफिल, टॅडालाफिल या गोळ्या कधीच घेऊ नयेत. रक्तदाब धोकादायक रीतीने कोसळतो. मित्राच्या खिशातली गोळी म्हणूनच नको. 'ताकदीची' म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिलची भेसळ सापडण्याचे प्रकार घडले आहेत. लैंगिक क्षमता वाढवण्याची किंवा कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हा आहे. ज्याची जाहिरात भिंतीवर रंगवलेली आहे तो उपाय तिथेच सोडावा.

या विषयासाठी डॉक्टरांकडे जाताना पत्नीला बरोबर न्यावे. पन्नाशी-साठीतल्या जोडप्यांपुढे डॉक्टर हा विषय आपणहून काढतीलच असे नाही, 'या वयात कशाला' असे गृहीत धरणारेही असतात. वय पाहून प्रश्न टाळणाऱ्या डॉक्टरला तो पुन्हा विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. आणि झोप उडाली, भूक गेली, काही करावेसे वाटेना असे दोन आठवड्यांहून अधिक चालले, तर मानसोपचार हाही या उपचारांचाच भाग समजावा.

पीएसएचा कागद कसा वाचावा

शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे ते तीन महिन्यांनी पहिली पीएसए तपासणी, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणाऱ्या प्रथिनाची रक्तातली मोजणी, होते, पुढे सुरुवातीला तीन ते सहा महिन्यांनी. ग्रंथीच नसल्याने आकडा जवळपास शून्य, म्हणजे ०.१ पेक्षा कमी हवा. प्रयोगशाळेच्या कागदावर '० ते ४ नॉर्मल' असे छापलेले असते. ते ग्रंथी शाबूत असलेल्यांसाठी आहे. आकडा ०.२ किंवा त्याहून अधिक येऊन पुढच्या तपासणीतही तसाच राहिला किंवा वाढला, तर 'नॉर्मल' छापलेले असूनही आजार परतल्याची ती खूण मानतात. लागणारे रेडिएशन आकडा ०.५ च्या आत असताना अधिक गुणकारी ठरते, म्हणून इथे सहा महिने थांबणे महागात पडते. तपासणी दर वेळी एकाच प्रयोगशाळेत करावी. हार्मोनचे उपचार सुरू झाल्यास हाडे आणि स्नायू कमजोर होतात. चालण्याबरोबर वजनाचे व्यायाम आणि हाडांची घनता तपासणे तेव्हा आवश्यक ठरते.

खर्च आणि हक्क

- महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार मोडतात. पुढच्या उपचारांपैकी काय बसते हे अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.
- रोबोटिक शस्त्रक्रिया आरोग्यविम्यातून सरसकट वगळता येत नाही, पण रकमेची मर्यादा असू शकते. रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या ठरावीक दिवसांची औषधे आणि तपासण्याही बहुतेक पॉलिसींत मिळतात. पावत्या जपाव्यात.
- उपचार किंवा फेरतपासणीसाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला रेल्वेत सवलत आहे, सोबत जाणाऱ्यालाही. रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते.
- रुग्णाने मागणी केल्यास वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. दुसरे मत घेण्यासाठी परवानगीची गरज नसते.

मिळवायचे कागद मुख्यतः दोन: शस्त्रक्रियेची टिपणी आणि काढलेल्या ग्रंथीचा पॅथॉलॉजी अहवाल. पहिल्यात मज्जातंतूंचे काय झाले ते असते. दुसऱ्यात कर्करोग कडेपर्यंत होता का, हे असते. पुढच्या भेटीला हे दोन्ही कागद, पीएसएचे सर्व जुने आकडे, चालू औषधांची यादी आणि पॅडची वही बरोबर न्यावी.